अंगावरून पांढरं जातं, वास येतो, आठ महिने झाले. खरंच उष्णता असते का ही?

टॉवेलवाली – रात्री ११:४२

इथं मी नेहमी दुसऱ्या नावानं लिहिते. शेंगा चटणीत लसूण किती, यावरून मागं जी भांडाभांडी झाली त्यातली एक मीच. पण हे त्या नावानं विचारायला धीर होईना. कुणी ओळखलंच तर ओळख दाखवू नका, एवढंच.

वय ३४. दोन मुलं, धाकट्याच्या वेळी ऑपरेशन करून घेतलंय. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला आहे, टॉवेलच्या कडा मारते. गड्ड्याची यात्रा संपली त्या सुमारास अंगावरून पांढरं जायला लागलं. थोडंफार सगळ्यांनाच जातं हे माहीत आहे मला, पण ह्याला वास येतो. चाळीस बायकांचं युनिट आहे आमचं. उन्हाळ्यात त्रेचाळीस-चव्वेचाळीसचं ऊन, वर पत्रा, आणि मी पंख्याच्या वाऱ्यासमोरची मशीन सोडून कोपऱ्यातली मागून घेतली. का, ते सुपरवायझरला काय सांगणार?

आतापर्यंत केलेले उपाय. सासूबाई म्हणाल्या उष्णता आहे, म्हणून एकवीस दिवस तांदळाचं धुवण आणि धने-जिऱ्याचं पाणी प्यायले. वांगं, अंडं, शेंगदाणे बंद. सोलापुरात राहून शेंगदाणे बंद म्हणजे काय ते तुम्हीच समजून घ्या. फरक शून्य. मग मेडिकलमध्ये गेले. काउंटरवर पोरगा. त्याला वास कसा सांगू, म्हणून "खाज येते" म्हणाले. त्यानं ट्यूब दिली. घरी येऊन बघते तर नवऱ्याच्या गजकर्णाला आणली होती तीच. आठ दिवस लावली, आग व्हायला लागली, सोडली. मग एका दवाखान्यात गेले. त्यांनी तपासलं नाही, नुसतं ऐकून गोळ्या लिहिल्या. दहा दिवस बरं वाटलं, पुढच्या पाळीनंतर पुन्हा तेच.

आता रोज दोनदा, कधी तीनदा धुते. साबण लावून. आणि जखमेला लावतात ते तपकिरी जंतुनाशक एक झाकण मगात टाकून आतपर्यंत. तेवढ्यापुरतं बरं वाटतं, संध्याकाळी परत वास.

शेजारीण म्हणते ऑपरेशनमुळं होतं. आई म्हणते हाडं वितळून जातात, म्हणून तुझी कंबर दुखते. मला भीती वेगळीच आहे, ती लिहीत नाही. कुणाला खरं माहीत असेल तर सांगा.

---

जुनी_सोलापूरकरीण – सकाळी ६:१५

ताई घाबरू नका, बाईच्या जातीला हे चालायचंच. तुरटीच्या पाण्यानं आतून धुवा, सात दिवस. कडुलिंबाचा पाला उकळून त्यात टाकला तर अजून चांगलं. माझ्या नणंदेला गुण आला.

---

निवृत्त_सिस्टर – सकाळी ९:०५

तुरटीवाल्या बाई, तुमचा हेतू चांगला आहे पण हे करू नका आणि दुसरीला सांगूही नका.

टॉवेलवाली, तू माझ्या मुलीच्या वयाची, म्हणून अगं-तुगं करते. मी ३१ वर्षं नर्स होते, अर्धी नोकरी तालुक्यातल्या आरोग्य केंद्रांत आणि अर्धी शहरात बायकांच्या ओपीडीत. आता जुळे सोलापुरात नातवाचा डबा भरते. मी डॉक्टर नाही, आणि इथं बसून तुला गोळी लिहून देणार नाही. पण माझ्या प्रश्नांची उत्तरं दे, लाजू नकोस. ओपीडीत ह्याच्या दसपट ऐकलंय.

खाज जास्त की वास जास्त? जातं ते कसं आहे, दह्याच्या कवडीसारखं घट्ट, की पातळ? रंग? वास कधी वाढतो, पाळीनंतर, की नवऱ्याजवळ गेल्यावर? लघवीला जळजळ? ओटीपोटात दुखणं, ताप? दोन पाळ्यांच्या मधे रक्ताचा डाग? संबंधानंतर रक्त? घरात कुणाला साखर आहे? नवऱ्याला काही त्रास?

आणि ते झाकणभर औषध आजपासून बंद. साबणही आत नाही. माझं बाकी काही ऐकलं नाहीस तरी चालेल, एवढं ऐक.

---

टॉवेलवाली – दुपारी १:३५ (जेवणाची सुट्टी)

सिस्टर, लाजत लाजत लिहिते. खाज जवळजवळ नाही, ट्यूबनं झाली होती तेवढीच. पातळ आहे, राखाडीसर पांढरं, दुधात पाणी जास्त झाल्यासारखं. वास मासळीसारखा. पाळी संपल्यावर तीन-चार दिवस जास्त, आणि हो, नवऱ्याजवळ गेल्यावर जास्त. तो काही बोलत नाही, मीच उठून मोरीत जाते. लघवीला जळजळ नाही. कारखान्यात चाळीस जणींत एक संडास, म्हणून दिवसभर पाणी कमी पिते, तेव्हा कधीमधी होते. ताप नाही. रक्त कधीच नाही. साखर सासूबाईंना आहे, मला माहीत नाही. नवऱ्याला काही त्रास नाही, गजकर्ण सोडून.

---

निवृत्त_सिस्टर – दुपारी ४:२०

आता नीट वाच. थोडं लांब होईल, नातू झोपलाय तेवढ्यात लिहिते.

"पांढरं जातं" हे एका आजाराचं नाव नाही. "ताप येतो" म्हणतो तसं आहे ते. ताप मलेरियाचा, टायफॉइडचा, साध्या सर्दीचा. तसं हेही. आणि कित्येकदा तर आजार नसतोच. पाळीच्या मधल्या दिवसांत, बीज सुटतं तेव्हा, अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं तार धरणारं जातं. पाळीच्या आधी जरा घट्ट, पांढरं. वास नाही, खाज नाही, तर ते शरीराचं रोजचं काम. त्याला औषध नको. हाडं वितळत नाहीत गं. कंबर दुखते ती नऊ तास मशीनवर वाकून बसल्यानं. आईला सांग, हाडाचा आणि ह्याचा रस्ताच वेगळा आहे. ऑपरेशनमध्ये फक्त गर्भनळ्या बंद करतात, त्याचाही ह्याच्याशी संबंध नाही.

आता आतलं. घरात दही लावतेस ना? विरजणात जे जंतू असतात, त्यांच्याच कुळातले जंतू योनीमार्गात राहतात, लॅक्टोबॅसिलस. ते तिथं आंबटपणा धरून ठेवतात. पीएच ३.८ ते ४.५, म्हणजे साधारण टोमॅटोइतकं आंबट. त्या आंबटात बाकीचे जंतू माजत नाहीत. ही राखण फुकट मिळते. साबण असतो त्याच्या उलट्या टोकाचा, पीएच नऊ-दहा. तू दिवसातून तीनदा साबण आणि वर जंतुनाशक घातलंस, त्यानं मेले कोण? आधी राखणदारच मेले. मग ज्यांना हवेशिवाय जगता येतं, आंबटपणा नको असतो, असे दुसरे जंतू वाढले, आणि मासळीसारखा वास त्यांचाच. वास आला म्हणून तू अजून धुतलंस. तू अस्वच्छ नाहीस बाई. तू जास्त धुतेस.

(दही आत लावायचं का, असं आता कुणीतरी विचारेल. नाही. दही ताटात.)

तू सांगितलंस त्यावरून मला वाटतं ते बॅक्टेरियल व्हजायनोसिस, डॉक्टर लोक बीव्ही म्हणतात. पातळ, राखाडी, वास, खाज नाही, संबंधानंतर आणि पाळीनंतर जास्त, सगळं जुळतं. पण मला वाटणं आणि डोळ्यानं बघणं ह्यात फरक आहे. दुसरं असतं बुरशीचं, कॅन्डिडा. त्यात जीव नकोसा करणारी खाज, आग, दह्याच्या कवड्यांसारखं घट्ट पांढरं, आणि वास जवळपास नसतो. चारातल्या तीन बायकांना आयुष्यात कधी ना कधी एकदा तरी होतं. अँटिबायोटिकचा कोर्स झाल्यावर, गरोदरपणात, साखर वाढलेली असताना जास्त. तिसरं ट्रायकोमोनस: पिवळट-हिरवट, कधी फेसाळ, वासही आणि खाजही. ते संबंधातून येतं, त्यात नवरा-बायको दोघांनी औषध घ्यायचं असतं, नाहीतर एकीकडून जातं आणि दुसरीकडून परत येतं.

तिन्हीची औषधं एक नाहीत. बुरशीची ट्यूब बीव्हीवर चालत नाही. आणि तू आणलीस तसल्या गजकर्णाच्या ट्यूबमध्ये बहुतेकदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं. ते तिथल्या नाजूक कातडीला लावणं म्हणजे आगीला बोलावणं. मेडिकलवाल्या पोराची चूक म्हणू का? तू "खाज" सांगितलंस, त्यानं खाजेचं दिलं.

तुझ्या त्या दवाखान्यातल्या गोळ्यांबद्दल. आमच्या सरकारी दवाखान्यांत ह्या आजारांसाठी रंगांची किट असतात, एकूण सात. पांढरं जाण्याचं हिरवं किट. त्यात सेक्निडॅझोल २ ग्रॅम आणि फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅम, म्हणजे जंतू आणि बुरशी दोन्हीवर एकदम. ओटीपोटात दुखतं त्याचं पिवळं. जिथं सूक्ष्मदर्शक नाही, डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात, तिथं हे बरं होतं, रिकाम्या हातानं बाई परत जायची नाही. मीच शेकड्यांनी वाटलीत. पण मला ते कधी पूर्ण पटलं नाही. जिला काहीच नाही तिलाही गोळ्या, आणि जिला परत परत होतंय तिचं खरं कारण तसंच. तुझं परत परत होतंय. तुझी आतून तपासणी व्हायला हवी.

घाबरण्यासारखं काय? तुला त्यातलं काही दिसत नाही. पण वाचणाऱ्या बाकीच्यांनी लक्षात ठेवा: संबंधानंतर रक्त, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त, ओटीपोटात दुखून ताप, गरोदरपणात वासाचं पाणी जाणं, ह्यात एक दिवसही तुरटी नाही न् धुवण नाही. गरोदर बाईला बीव्ही असेल तर दिवस पूर्ण होण्याआधी बाळंत होण्याचा धोका वाढतो, म्हणून तिनं तर आधी दाखवायचं.

आणि एक, तू दिवसभर सुती टॉवेल शिवतेस आणि अंगात नायलॉनची निकर घालत असशील. बदल ती. कारखान्यात पाणी पी. लघवीची जळजळ हे वेगळं दुखणं, ते त्या दाबून ठेवण्याचं.

---

घरकुलवाली_अक्का – संध्याकाळी ७:१०

मी विडी घरकुल, कुंभारीहून. आमचं घरी तेलुगू बोलतो, मराठी चुकलं तर सांभाळून घ्या. विड्या वळते. सिस्टरनं ते बुरशीचं सांगितलं, ते मला दीड वर्ष होतं. खाज म्हणजे किती, रात्री उठून ओला रुमाल ठेवायचा. मांडीत सुपलं घेऊन दिवसभर बसायचं, उठता येत नाही, उठलं की विडी कमी, पैसा कमी. दरवेळी मेडिकलवरून एक गोळी आणायची, चार दिवस बरं, परत. शेवटी मुलीनं ओढत नेलं. डॉक्टरबाईनं खाली बघितलं आणि पहिलं काय विचारलं? "मावशी, साखर तपासली का कधी?" ३१२ निघाली. रात्रीतून चारदा लघवीला उठत होते, मला वाटलं वय झालं. साखर खाली आली तशी खाज गेली. आता दोन वर्षं काही नाही. ती गोळी वाईट नव्हती, पण गोड रक्तात बुरशीला रोज जेवण मिळत होतं.

परत परत खाज होते त्यांनी साखर बघाच अक्कांनो. बोटाला टोचायचं, एवढंच.

---

पेठेतला_एक – रात्री ९:५०

इथं पुरुषानं लिहिलं तर चालतं का माहीत नाही. माझी बायको अशीच रात्री उठून मोरीत जाते. विचारलं तर "काही नाही" म्हणते. मला वाटायचं माझ्यावर राग आहे. दोन प्रश्न. नवऱ्यालाही औषध लागतं का? आणि विचारू कसं?

---

निवृत्त_सिस्टर – रात्री १०:१५

चालतं भाऊ. तुमच्यासारखे पाच जण लिहिते झाले असते तर माझी निम्मी ओपीडी रिकामी झाली असती.

कसं विचारू? विचारूच नका. हा धागा तिच्या मोबाइलवर पाठवा आणि म्हणा, "मी सोबत येतो, बाहेर बसतो." बहुतेकींचं अडतं ते पैशावर आणि सोबतीवर.

औषधाचं. ट्रायकोमोनस निघालं तर दोघांनी, त्याच वेळी, तुम्हाला त्रास असो वा नसो. पुरुषांना बहुतेकदा काहीच जाणवत नाही. बुरशीत सहसा लागत नाही. आणि ट्रायकोमोनसची गोळी, मेट्रोनिडॅझोल, चालू असताना दारू नाही, असं आम्ही सांगायचो. हे वाक्य मी खेड्यात मुद्दाम बायकोसमोर दोनदा सांगायचे.

---

नाइट_ड्यूटी – रात्री २:३०

मी स्त्रीरोग विभागात पीजी करते. सिस्टरच्या लिहिण्यात एकच भर. बीव्हीमध्ये नवऱ्याला औषध द्यायची गरज नाही असंच आम्हीही शिकलो. पण २०२५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास आला. ज्या जोडप्यांत नवऱ्यालाही सात दिवस गोळी आणि लावायचं मलम दिलं, त्यांच्यात बारा आठवड्यांत बीव्ही परत आलं ३५ टक्के बायकांना. फक्त बायकोला औषध दिलं तिथं ६३ टक्के. फरक इतका होता की अभ्यास मधेच थांबवावा लागला. म्हणून ज्यांचं वारंवार उलटतंय त्यांनी डॉक्टरांना हे जरूर विचारावं. ह्याचा अर्थ नवरा बाहेर कुठं गेला असा अजिबात काढू नका. एवढ्यावरून भांडण लावू नका घरात, मग समजवायला आमच्याकडेच येता.

आणि बीव्ही नीट औषध घेऊनही उलटतं. वर्षभरात निम्म्या बायकांना. परत आलं तर स्वतःला दोष देऊ नका, परत या.

---

बार्शीकर – सकाळी ८:००

टॉवेलवाली ताईंनी "भीती वेगळीच आहे, ती लिहीत नाही" म्हटलंय. मी लिहिते. कॅन्सर. माझ्या मावशीला होता, गर्भपिशवीच्या तोंडाचा. तिलाही वासाचं पाणी जायचं, पण सोबत रक्त होतं, आणि पाळी जाऊन सहा वर्षं झाली होती. तिनं वर्षभर कुणाला सांगितलं नाही.

ताई, नुसतं पांढरं जाणं म्हणजे कॅन्सर नव्हे. पण वय तिशीच्या पुढं आहे तर एकदा पिशवीच्या तोंडाचीही तपासणी करून घ्या, तेवढीच भीती जाते. आमच्या बार्शीत १९८७ पासून ग्रामीण कॅन्सरची नोंद ठेवतात, देशातली खेड्यांची पहिली. इथल्याच नर्गिस दत्त हॉस्पिटलनं टाटाच्या लोकांसोबत शेजारच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून तीस ते एकोणसाठ वयाच्या १ लाख ३१ हजार बायका घेतल्या होत्या अभ्यासाला. आयुष्यात एकदाच एचपीव्हीची, म्हणजे ज्या विषाणूमुळं हा कॅन्सर होतो त्याची, तपासणी केली तरी पुढं त्या कॅन्सरनं मरणाऱ्या बायका जवळजवळ निम्म्या झाल्या. जगभर दाखला देतात त्याचा. आणि आपण बार्शी म्हटलं की ज्वारीच आठवतो.

---

निवृत्त_सिस्टर – सकाळी १०:४०

बार्शीकर, बरं झालं लिहिलंस.

ह्यावरून आठवलं. राणी बंग यांचं गडचिरोलीतल्या दोन गावांतलं काम, १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलं. आमच्या ट्रेनिंगला सांगायचे. ६५० बायका तपासल्या, शंभरात ९२ जणींना खालचं काही ना काही दुखणं निघालं. आणि त्याआधी कधी आतून तपासणी झालेल्या शंभरात आठच. वर्गात आम्ही एकमेकींकडं बघितलं. बत्तीस नर्सबाया होतो. सरांनी विचारलं, तुमच्यापैकी किती जणींची झालीये? तीन हात वर. त्यातला माझा नव्हता.

टॉवेलवाली, कुठं जायचं ते सांगते. पैसे नसतील तर मेडिकल कॉलेजच्या आणि जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यांत 'सुरक्षा क्लिनिक' म्हणून असतं, ह्याच आजारांसाठी, तपासणी आणि औषध फुकट. पाटी बघून मागं फिरू नकोस, तिथं येणाऱ्या निम्म्या बायका तुझ्यासारख्या घरंदाजच असतात. खाजगीत जाणार असशील तर आधीच म्हण, "मला तपासून मग औषध द्या." दोन दिवस आधीपासून आत काही लावायचं नाही, धुवायचं नाही. पाळीत जाऊ नकोस. जमलं तर आदल्या रात्री नवऱ्यापासून लांब झोप.

---

टॉवेलवाली – बारा दिवसांनी, रात्री ११:२०

झालं एकदाचं. अर्ध्या दिवसाचा पगार कापला, चालतंय.

डॉक्टरबाई होत्या. ते चोचीसारखं यंत्र बघून माझे पाय आपोआप जवळ यायला लागले. त्या म्हणाल्या, "तोंड उघडून श्वास घ्या, टॉवेलचा भाव सांगा मला." मी डझनाचा भाव सांगेपर्यंत झालंसुद्धा. दुखलं नाही, गार लागलं. कागदाची पट्टी लावली, तिचा रंग बदलला. काचेवर घेतलं, एक थेंब औषध टाकलं आणि तोच वास टेबलावरून आला. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. मी "सॉरी मॅडम" म्हणाले. त्या हसल्या, "सॉरी कसलं, हाच तर पुरावा हवा होता." मग सूक्ष्मदर्शकात मला पण दाखवलं. पेशीच्या कडेला बारीक जंतू चिकटलेले, भाकरीला तीळ लावतो ना, तसे. सिस्टर, बीव्हीच निघालं. पिशवीच्या तोंडाच्या तपासणीसाठी पण नमुना घेतला. साखर चांगली आहे.

गोळ्या सात दिवस, दोन वेळा. तोंडाला अशी चव, जसा तांब्याचा पैसा चघळतेय. शेंगा चटणी परत चालू केली तर तीही पितळीच लागली. पण चौथ्या दिवशी वास कमी झाला. आज नाहीये. पाळी येऊन जाईल तेव्हा खरं कळेल, परत दाखवायला बोलावलंय. नवऱ्याचं विचारलं. त्या म्हणाल्या, परत आलं तर दोघांना देऊ.

सगळ्यात जास्त राग कशाचा आला सांगू? आमच्या भागात नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं. दोन पिंपं, तीन कळशा, त्यात सहा माणसं. आणि आठ महिने मी रोज एक कळशी ह्याच्यावर ओतत होते. पोरांना म्हणायचे, आंघोळ आटपा, पाणी संपतं.

मशीन परत पंख्यासमोर मागून घेतली. शेजारच्या दोघींनी विचारलं, कुठं गेली होतीस. खरं सांगितलं. एकीनं मशीन थांबवली आणि म्हणाली, त्या डॉक्टरबाईंचा पत्ता दे. दुसरी काही बोलली नाही, पण सुट्टीत संडासाच्या रांगेत माझ्या मागं उभी राहून हळूच म्हणाली, मला पण.

आता खरा प्रश्न, म्हणून परत आले. काल सासूबाईंना गोळ्या दिसल्या. कसल्या विचारलं, सांगितलं सगळं. उष्णतेचा विषय काढतील वाटलं. गप्प बसल्या. भाकरी थापत होत्या, थापता थापताच म्हणाल्या, "मला पण खाज येतीय गं. लई वर्षं झाली." वय ६२. पाळी जाऊन तेरा वर्षं. साखरेची गोळी चालू आहे, पण मधेमधे सोडतात. रक्त जातं का विचारलं, नाही म्हणाल्या. "तुझे सासरे होते तेव्हापासून" असं काहीतरी पुटपुटल्या, मला धड कळलं नाही आणि विचारायचा धीर पण नाही झाला. सिस्टर, ह्या वयात पण दाखवायचं असतं का? त्या विचारतात, डॉक्टर बाई आहे की बाप्या.

---

निवृत्त_सिस्टर – सकाळी ७:३०

दाखवायचंच. त्या वयात दोन गोष्टी असतात. एक साखरेमुळं बुरशी, अक्कानं वर सांगितली ती. दुसरं, पाळी गेल्यावर तिथली कातडी पातळ आणि कोरडी पडते, तीही खाजते, आग होते. त्याचं मलम वेगळं असतं. बघितल्याशिवाय दोन्हीतलं कुठलं ते कळायचं नाही. रक्ताचं त्यांना पुन्हा एकदा विचार, "कधी थेंबभर डाग तरी?" असं विचार. "रक्त जातं का" म्हटलं की बायका नाहीच म्हणतात.

मंगळवारी घेऊन ये, मी पण येते, बाहेरच्या बाकावर बसेन त्यांच्याजवळ. सकाळी उपाशीपोटी आण, चहासुद्धा नाही, म्हणजे साखर तिथंच होऊन जाईल. येताना दोन भाकऱ्या बांधून घे त्यांच्यासाठी.

आणि सांग त्यांना, बाईच आहे.